पाच टनांचा नियम : जत रोडवरून गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कवठेमहांकाळ आणि ढालगाव मागे पडल्यानंतर जत रोड हे स्थानक लागते. जत शहर या स्थानकापासून बरेच दूर आहे. शहराचे नाव आणि पुढे ‘रोड’ अशी जोडणी भारतीय रेल्वेत ज्या स्थानकांना मिळाली, त्यांच्यापैकी हे एक असून, गावाकडे जाणारा रस्ता येथून फुटतो एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. आज या मार्गावरून रुंद रुळांच्या, म्हणजे ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात. परंतु सांगोला, जत आणि कवठेमहांकाळ यांच्या कोरडवाहू पट्ट्यातून लोहमार्ग नेण्याची कल्पना आणि तिची पहिली अंमलबजावणी ही एका खासगी कंपनीची होती. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे कंपनी. 1897 मध्ये बार्शीच्या पेठेसाठी सुरू झालेला तिचा अरुंद मार्ग तीस वर्षांनी, 1927 मध्ये, मिरजेला येऊन पोहोचला. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी म्हणून हा मार्ग लोकांच्या स्मरणात राहिला असला, तरी त्याची आखणी प्रामुख्याने मालवाहतुकीच्या हिशेबाने झाली होती, आणि त्याच्या इतिहासातील यश व अपयश या दोहोंची उकल त्या हिशेबातच सापडते.

मालासाठी बांधलेल्या लोहमार्गांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात एखाद्या खाणीचा किंवा कारखान्याचा एकच माल एकाच दिशेने वाहून नेण्यासाठी मार्ग टाकला जातो. दुसऱ्या प्रकारात एखाद्या पेठेच्या आसपासच्या मुलखातील शेतमाल मुख्य मार्गावर आणून सोडणारा पोषक मार्ग, म्हणजे नदीला मिळणाऱ्या ओढ्यासारखा फाटा, बांधला जातो. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराचे जुने उदाहरण वर्धा ते वरोरा या सुमारे 72 किलोमीटरच्या मार्गाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या कोळसा खाणीचे काम सरकारने 1871 मध्ये सुरू केले आणि तो कोळसा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या मुंबई–नागपूर मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी सरकारी खर्चाने वर्धा कोल स्टेट रेल्वे बांधली. इंजिनांना लागणारा कोळसा बंगालमधून लांबचा प्रवास करून किंवा समुद्रमार्गे परदेशातून आणावा लागत असताना घराजवळची ही खाण रेल्वेच्या दृष्टीने मोलाची होती. मार्गात येणाऱ्या हिंगणघाटच्या कापसाच्या पेठेलाही त्याचा लाभ झाला. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली, तरी मार्ग मेला नाही. तो चांदा आणि बल्लारपूरच्या खाणींकडे वाढत गेला आणि 1929 मध्ये बल्लारशाह–काझीपेठ जोड पूर्ण झाल्यावर दिल्ली–मद्रास या हमरस्त्याचा भाग बनला.

वरोऱ्याचा मार्ग पहिल्यापासून ब्रॉडगेजचा होता, कारण कोळशासारखा जड, स्वस्त आणि वर्षभर निघणारा माल मोठ्या वाघिणींतून, मध्ये कुठेही न उतरवता नेला तरच परवडतो. दख्खनच्या पठारावरील शेतमालाचे गणित वेगळे होते. तेथे माल हंगामी होता, एका ठिकाणी साठलेला नव्हता, आणि पाऊस चुकला की तो जवळजवळ नाहीसा होत असे. अशा मुलखात कोणत्या प्रकारची रेल्वे तग धरू शकेल, या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे बार्शी लाइट रेल्वे होय.

बार्शीची पेठ आणि दुष्काळाचा धडा

जीआयपीचा मुंबईहून आग्नेयेकडे जाणारा मार्ग 1859–60 मध्ये पुण्याच्या पुढे सरकत सोलापूरपर्यंत पोहोचला आणि पुढे 1871 मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला. या मार्गाने बार्शी शहर टाळले. बार्शीसाठीचे स्थानक सुमारे 34 किलोमीटर अंतरावर कुर्डुवाडी येथे झाले आणि त्याला बार्शी रोड असे नाव मिळाले. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची जुनी पेठ होती. घाटावरच्या निजामी मुलखातून, म्हणजे आजच्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून, कापूस, करडई, जवस, तीळ आदी माल बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांनी बार्शीत उतरत असे, तेथील अडत्यांच्या हातून विकला जात असे आणि पुन्हा गाडीवर लादून बार्शी रोडला नेला जात असे. काळ्या मातीच्या वाटा पावसाळ्यात चिखलाने बंद होत, बैलांना चारा मिळेनासा झाला की गाडीभाडे चढे, आणि मुंबईच्या बाजारात भाव असूनही माल बार्शीत अडकून पडे.

याच सुमारास 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळाने सोलापूर, विजापूर, साताऱ्याचा पूर्व भाग आणि जतसारखी संस्थाने होरपळून निघाली. रेल्वेमुळे मुख्य मार्गावरच्या स्थानकांपर्यंत धान्य येऊ शकत होते, परंतु तेथून आत पन्नास-साठ किलोमीटरवरच्या खेड्यापर्यंत ते नेण्यासाठी बैल जगलेले नव्हते. 1880 च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून लोहमार्गांचा विस्तार करण्याची शिफारस केली, ती याच अनुभवाच्या आधारावर. तथापि सर्वत्र ब्रॉडगेज टाकण्याइतका पैसा सरकारजवळ नव्हता आणि कोरडवाहू मुलखातील तुरळक वाहतूक एवढ्या मोठ्या भांडवलाचे व्याजही फेडू शकली नसती. म्हणून स्वस्तात बांधता येतील अशा हलक्या मार्गांकडे आणि ते बांधायला तयार असलेल्या खासगी कंपन्यांकडे लक्ष वळले.

कॅलथ्रॉपचा हिशेब

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (1857–1927) हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये जीआयपीत इंजिन-निरीक्षक म्हणून रुजू झाला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात आणि क्रू येथील रेल्वे कार्यशाळेत त्याचे शिक्षण झाले होते. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या फाट्यांचा अभ्यास करताना बार्शीचे महत्त्व त्याच्या ध्यानात आले. पुढे नोकरी सोडून त्याने या योजनेचा पाठपुरावा केला आणि बऱ्याच वाटाघाटींनंतर 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली. कॅलथ्रॉपचे नाव पुढे विमानातून उडी घेण्यासाठी वापरायच्या ‘गार्डियन एंजल’ या हवाई छत्रीमुळेही गाजले. पण अभियांत्रिकीच्या इतिहासात त्याचे खरे स्थान हलक्या रेल्वेच्या शास्त्रामुळे आहे.

हे शास्त्र एका साध्या नियमावर उभे होते. लोहमार्गाचा बांधणी-खर्च किती येणार, हे त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, किती भार पडतो यावर अवलंबून असते. आसामागचा भार जास्त असेल तर रूळ जाड लागतो, स्लीपर जवळजवळ घालावे लागतात, खडीचा थर वाढतो आणि पुलांच्या तुळया भक्कम कराव्या लागतात. त्या काळच्या अनेक छोट्या मार्गांवर डबे हलके असत, पण इंजिनाचा भार दोन-तीन आसांवरच एकवटलेला असे. परिणामी केवळ इंजिनासाठी संपूर्ण मार्ग महाग करावा लागे आणि वाघिणी मात्र त्या रुळांची ताकद न वापरताच धावत राहत. कॅलथ्रॉपने ठरवले की बार्शीच्या मार्गावर कोणत्याही आसावर 5 टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, आणि इंजिन असो, मालाची वाघीण असो की उतारूंचा डबा असो, सर्वांनी या मर्यादेच्या शक्य तितके जवळ राहायचे. त्यामुळे यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलो वजनाचा रूळ पुरेसा ठरला. आज प्रमुख मार्गांवर मीटरला 60 किलो वजनाचे रूळ वापरले जातात, हे लक्षात घेतल्यास त्या रुळाची सडसडीत बांधणी ध्यानात येईल.

नियम सोपा असला तरी त्यानुसार गाड्या घडवणे सोपे नव्हते. इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने बनवली. त्यांना एकमेकांशी जोडलेली आठ ओढती चाके आणि मागे भार वाटून घेणारी चार लहान चाके होती. अशा सहा आसांमुळे तीस टनांच्या आत राहूनही इंजिनाला चढावर मालगाडी ओढता येईल एवढी पकड मिळे. वाघिणींसाठी दाबयंत्रात घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे वापरले गेले. ते हलके असल्याने वाघिणीचे स्वतःचे वजन कमी भरे आणि तेवढाच जास्त माल तिच्यात घालता येई. प्रत्येक वाघीण दोन बोगींवर, म्हणजे वळणावर स्वतंत्रपणे वळू शकणाऱ्या चारचाकी गाड्यांवर, बसवलेली होती. चार आसांच्या अशा वाघिणीचे मालासकट वजन 20 टनांपर्यंत नेता येत असे. सांगाड्यांचे माप सर्व प्रकारच्या डब्यांसाठी एकच ठेवल्याने सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही स्वस्त पडत. हे सर्व साहित्य भारतात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे प्रायोगिक मार्ग टाकून तपासले गेले.

रुळांमधले अंतर, ज्याला गेज म्हणतात, कॅलथ्रॉपने 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर ठेवले. भारतातील ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचे आहे. त्याच्या निम्म्याहूनही हे कमी होते. यापेक्षाही अरुंद, दोन फुटी मार्ग त्या काळी अस्तित्वात होते, पण मोठ्या वाघिणींना आवश्यक तेवढी स्थिरता त्यावर मिळत नसे. अडीच फुटी गेज लष्करी उपयोगासाठीही योग्य ठरले: कालका–शिमला मार्ग दोन फुटी बांधण्याचे ठरलेले असताना लष्कराच्या आग्रहाखातर तो अडीच फुटी करण्यात आला. डोंगरावरच्या त्या मार्गाला पुढे जागतिक वारशाचा मान मिळाला. मैदानातल्या बार्शी मार्गाच्या वाट्याला तसे काही आले नाही.

कुर्डुवाडीपासून मिरजेपर्यंत

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला. पुढे 1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा फाटा झाला, बार्शीकडून मार्ग घाट चढून 1907 मध्ये तडवळ्यापर्यंत गेला आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचला. लातूर आणि तडवळे हे निजामाच्या राज्यात असल्याने हा मार्ग ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख यांची सीमा ओलांडून जात होता, आणि बार्शीच्या पेठेकडे येणारा माल आता मुळातच लातूरच्या मालधक्क्यावर लादता येऊ लागला. लातूर ही मोठी बाजारपेठ म्हणून पुढे आली त्यामागे या मार्गाचा वाटा मोठा आहे. पंढरपूरच्या फाट्याने कंपनीला दुसऱ्या प्रकारचे उत्पन्न मिळवून दिले: आषाढी आणि कार्तिकीच्या दिवसांत उतारूंची गर्दी लोटे, आणि सुगी संपल्यानंतर रिकामे पडलेले इंजिन-बळ त्या दिवसांत कामी येई. खाणीच्या मार्गाला वर्षभर एकसारखे काम असते. शेतमालाच्या मार्गाला हंगामांची अशी सांगड घालून जगावे लागते.

पंढरपूर ते मिरज हा अखेरचा मोठा टप्पा 1927 मध्ये पूर्ण झाला आणि कंपनीच्या मार्गांची एकूण लांबी 202 मैल, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर झाली. योगायोगाने कॅलथ्रॉपचे निधनही त्याच वर्षी झाले. मिरजेला 1890 च्या सुमारास पुणे–लोंढा हा मीटरगेज मार्ग आलेला होता आणि 1891 मध्ये कोल्हापूरचा फाटा त्याला जोडला गेला होता. या मार्गांशी सांधा झाल्याने बार्शी लाइटचे दोन्ही बाजूंना मोठ्या रेल्वेशी नाते जुळले. सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सळगरे, आरग अशी स्थानके या टप्प्यावर आली. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्याचा आहे. जत हे त्या वेळी डफळे घराण्याचे संस्थान होते. साताऱ्याच्या छत्रपतींच्या जहागिरींपैकी ते एक असून 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर जत तालुका 1949 मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. संस्थानची राजधानी असूनही जत शहराला मार्ग मिळाला नाही. मिरज आणि पंढरपूर यांना जोडणारी वाट जतच्या वायव्येकडून जाते. राजधानीसाठी दक्षिणेकडे वळसा घ्यायचा तर मार्गाची लांबी बरीच वाढली असती, आणि स्वस्त मार्ग बांधणे हेच कंपनीच्या अस्तित्वाचे कारण होते.

या कोरड्या प्रदेशात वाफेची इंजिने चालवण्यासाठी लागणाऱ्या दोन्ही गोष्टी बाहेरून आणाव्या किंवा शोधाव्या लागत होत्या. पहिली म्हणजे कोळसा. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्राची भूमी बेसॉल्ट या लाव्हाजन्य काळ्या खडकाची आहे आणि कोळशाचे थर राज्याच्या पूर्वेकडील वर्धा व कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत आहेत. त्यामुळे सांगोला किंवा कवठेमहांकाळला थांबणाऱ्या इंजिनाच्या भट्टीतला कोळसा शेकडो किलोमीटरचा प्रवास मोठ्या रेल्वेने करून जंक्शनवर येत असे आणि तेथे अरुंद मार्गावर चढवला जात असे. दुसरी गोष्ट पाणी. बार्शीची पहिली इंजिने ‘टँक’ पद्धतीची होती, म्हणजे कोळसा आणि पाणी वेगळ्या जोडगाडीत न ठेवता इंजिनावरच वाहिले जाई. त्याने इंजिनाची पकड वाढे, पण साठा मर्यादित राहत असल्याने ठराविक अंतरावर पाणी भरावे लागे. उन्हाळ्यात विहिरी तळाला जाणाऱ्या मुलखात भरवशाच्या पाण्याची स्थानके राखणे ही रेल्वेपुढची नित्याची चिंता होती. कोळसा दुसरीकडचा आणि पाणी दुर्मीळ, या स्थितीत हलके इंजिन आणि हलक्या वाघिणी यांचा आग्रह बांधणीच्या खर्चाबरोबर रोजच्या इंधनाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता.

स्वस्ताईची किंमत

या स्वस्ताईची किंमत मात्र दोन टोकांना मोजावी लागत होती. कुर्डुवाडीला अरुंद मार्गावरील वाघीण ब्रॉडगेजवर जाऊ शकत नसे आणि मिरजेला ती मीटरगेजवर जाऊ शकत नसे. त्यामुळे लातूरची गळिताची पोती असोत की कापसाच्या गासड्या, प्रत्येक नग हमालांनी एका वाघिणीतून उतरवायचा, मोजायचा आणि दुसऱ्या वाघिणीत भरायचा, असा क्रम अटळ होता. या कामात वेळ जाई, हमाली पडे, पोती फाटत, माल सांडे, आणि समोरच्या मार्गावर रिकामी वाघीण वेळेवर लागली नाही तर माल धक्क्यावर उघड्यावर पडून राही. लांब पल्ल्याच्या मालावर हा बोजा विखुरला जात असल्याने तो सोसवत असे. पण एकूण प्रवासच शे-दीडशे किलोमीटरचा असेल तेव्हा हा फेरचढाव भाड्याच्या मानाने फार जड होई.

कॅलथ्रॉपला या अडचणीची पूर्ण जाणीव होती. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात त्याने बार्शीच्याच धर्तीवर आखलेली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही अडीच फुटी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. तेथे मुख्य मार्गावरील वाघीण आहे तशी अरुंद रुळांवरच्या खास वाहक-गाडीवर चढवून पुढे नेण्याची सोय करण्यात आली होती. इंग्लंडच्या छोट्या दूधवाहू वाघिणींना हे शक्य होते. भारतातील ब्रॉडगेज वाघिणींचा आकार आणि वजन पाहता पाच टनी नियमाच्या मार्गावर तसे करणे फार अवघड होते. लीकची ती रेल्वे दुधाची वाहतूक रस्त्यावर गेल्याने 1934 मध्ये बंद झाली. बार्शीचा मार्ग त्यानंतरही सात दशकांहून अधिक काळ टिकला, याचे कारण दख्खनमध्ये पक्के रस्ते आणि मालट्रक उशिरा पोहोचले.

स्वातंत्र्यानंतर जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे आदी मिळून 1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा बार्शी लाइट अजून खासगी कंपनीकडेच होती. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. पुढच्या दशकांत वाफेची जागा डिझेलने घेतली, पण गेज बदलले नाही. दरम्यान पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाल्याने मिरज हे तीनही गेज एकत्र येणाऱ्या मोजक्या जंक्शनांपैकी एक बनले. रेल्वेच्या दृष्टीने ते कुतूहलाचे असले तरी माल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ती तीन न जुळणाऱ्या मार्गांची अडचण होती. मालट्रकने शेताच्या बांधावरून उचललेले पोते थेट मुंबईच्या गोदामात उतरवायला सुरुवात केली, तेव्हा कुर्डुवाडीच्या धक्क्यावर एकदा उतरवून पुन्हा चढवण्याची रीत टिकणे शक्य नव्हते. बैलगाडीशी स्पर्धा करण्यासाठी आखलेली रेल्वे ट्रकशी स्पर्धा करू शकली नाही, आणि अरुंद मार्गावर उतारूच तेवढे राहिले.

रुंद रुळांवरून आलेले पाणी

गेजबदलाचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले. आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, नंतर 2007 आणि 2008 मध्ये लातूर ते कुर्डुवाडी आणि अखेरीस 2010–11 च्या सुमारास पंढरपूर–मिरज हा भाग ब्रॉडगेज झाला. काही ठिकाणी जुनी वाट बदलण्यात आली. पूर्वी बाजूला राहिलेले धाराशिव शहर नव्या आखणीत मार्गावर आले. कुर्डुवाडीची जुनी कार्यशाळा मात्र चालू राहिली आणि माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामे तिच्याकडे येऊ लागली.

या बदलाचा अर्थ काय, हे 2016 च्या दुष्काळात दिसून आले. लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडल्यावर मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने पाठवण्याचा निर्णय झाला. राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून आणलेल्या टाकी-वाघिणींची पहिली गाडी 11 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघाली आणि सुमारे 342 किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. लवकरच पन्नास वाघिणींच्या गाडीने एका फेरीत सुमारे 25 लाख लिटर पाणी जाऊ लागले आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘जलदूत’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी मिरज, जत रोड, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या क्रमाने, म्हणजे जवळजवळ संपूर्ण जुन्या बार्शी लाइटच्या वाटेने गेली. कॅलथ्रॉपच्या नियमाने पाहिल्यास अशा एका टाकीतले पाणीच सुमारे 50 टन भरते, तर त्याच्या वाघिणीचे स्वतःच्या वजनासकट एकूण वजन 20 टनांच्या आत ठेवणे भाग होते. म्हणजे एका टाकीच्या पाण्यासाठी अरुंद मार्गावर किमान तीन-चार वाघिणी लागल्या असत्या. शिवाय कोट्याहून आलेली वाघीण मिरजेच्या पुढे सरकलीच नसती.

याचेच दुसरे उदाहरण शेतमालाचे आहे. सांगोल्याच्या परिसरात कोरडवाहू जमिनीवर डाळिंबाची शेती वाढली, आणि 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल सांगोला स्थानकाहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. भाज्या आणि डाळिंबासारखी फळे घेऊन निघालेल्या या गाडीचा प्रवास दोन हजार किलोमीटरहून अधिक होता, आणि वाटेत गेज बदलल्यामुळे माल उतरवून पुन्हा भरण्याची गरज कुठेही नव्हती. नाशवंत मालाच्या बाबतीत ही एकच गोष्ट निर्णायक ठरते.

जलदूतच्या काळात लातूरकडे जाणारे पाणी ज्या जत आणि सांगोला तालुक्यांच्या शिवारांतून गेले, ते तालुके स्वतः टँकरवर जगणाऱ्या मुलखात मोडत होते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी मिरज, कवठेमहांकाळ आणि जतच्या दिशेने उचलले जात असून त्या पाण्याच्या आधाराने द्राक्षबागा आणि बेदाण्याचा व्यवसाय वाढला आहे; पण जतच्या पूर्व भागातील गावांचा पाण्याचा प्रश्न इतका दीर्घकाळ रेंगाळला की 2012 मध्ये तेथील अनेक ग्रामपंचायतींनी कर्नाटकात सामील होण्याचे ठराव केले, आणि 2022 मध्ये तो विषय पुन्हा राज्यभर गाजला. लोहमार्ग पाणी आणू शकतो, धान्य आणू शकतो, माल बाहेर नेऊ शकतो. परंतु त्या मार्गावर चढण्याची सोय ज्या गावाला जवळ नाही, त्याच्या दृष्टीने तो केवळ शिवारातून जाणारा रस्ता राहतो. जत शहराच्या बाबतीत 1927 पासून हीच स्थिती आहे.

बार्शी लाइट रेल्वेचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या चुका टाळायला हव्यात. तिला खेळण्यातली गाडी समजणे हा तिच्या अभियंत्यावर अन्याय आहे, कारण आसामागे पाच टन हा नियम पाळून सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग उभा करणे आणि तो शतकाहून अधिक काळ चालवणे हे काटेकोर विचाराचे फळ होते. याउलट तिच्याकडे केवळ हळवेपणाने पाहणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, कारण कुर्डुवाडी आणि मिरजेच्या धक्क्यांवर पडणारी हमाली आणि होणारी तूट शेवटी त्याच्याच पट्टीतून वजा होत होती. ब्रॉडगेजची वाट पाहत बसले असते तर या पट्ट्याला रेल्वे कदाचित अर्धे शतक उशिरा मिळाली असती; अरुंद मार्गावरच समाधान मानले असते तर 2016 मध्ये लातूरला पाणी पोहोचले नसते. पहिल्या पिढीने परवडेल ते बांधले आणि नंतरच्या पिढीने लागेल ते बांधले, म्हणूनच हा मार्ग आजही कामाचा आहे. आता उरलेले काम जत रोड, ढालगाव आणि कवठेमहांकाळ येथे शेतमाल साठवण्याची, थंड ठेवण्याची आणि वाघिणीत चढवण्याची पुरेशी सोय उभारण्याचे, आणि जतच्या पूर्वेकडील गावांपासून स्थानकापर्यंतचे रस्ते नीट करण्याचे आहे. ती सोय झाल्याशिवाय रुंद झालेल्या रुळांचा लाभ जतच्या शेतकऱ्याच्या पदरात पडणार नाही.